यादोरावांना अकरावं कार्ड

ला पाझ, बोलिव्हिया
१४ मार्च २०१२

प्रिय आई,

तुला आणि बाबांना फार दुरून जयभीम.

काल यादोरावांना अकरावं कार्ड टाकलं. दर देशातून एक, त्यावर एकच ओळ: "एकटीच पोहोचले, मजेत आहे." नवेगावचा पोस्टमन उघडं कार्ड चौकात मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पासपोर्टसाठी मी एक रात्र नागपूरला एकटी राहिले, तेवढ्यावरून त्यांनी आपल्या ओसरीवर येऊन त्यांच्या रत्नपालशी ठरलेलं माझं लग्न मोडलं. "एकटी फिरून राहिली पोरगी, आमच्या घरी काय टिकन?" साऱ्या गावाने ऐकलं. आता हेही ऐकू दे.

फोनवर तू म्हणालीस, "कायले मागं लागली वं माय? थकला तो माणूस." नाही सोडणार. अजून सहा देश आहेत.

बाबांचा गुडघा कसा आहे? बांधाच्या तलावात पाणी किती उरलं?

कार्ड टाकण्याआधीचे चार दिवस मी तापाने पडून होते. पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. त्यांच्या कार्डावरचं "मजेत आहे" मी त्याच अंथरुणात लिहिलं.

म्हणून तुला बंद पाकीट पाठवते. हे कोणाला दाखवू नको.

तुझीच,
रचना