पाहायला आलेल्यांची क्रियापदं

रविवार, संध्याकाळ

१. मला पाहायला अंबाजोगाईहून मुलगा, त्याची आई आणि मामा आले.
२. मामांची स्वतःची शाळा आहे. त्यांनी मला इंग्रजी क्रियापदांचे भूतकाळ विचारले.
३. गो, ब्रिंग, कॅन. मी वेंट, ब्रॉट, कुड सांगितलं.
४. मग मस्ट. मी म्हणाले, त्याला तसं रूप नाही, हॅड टू वापरतात.

मामा हसले. "मस्टेड म्हणायचं, पोरी. आमी शाळा चालवतो."

बाबा माझ्याकडे न बघता पुटपुटले, "हो म्हण ना बाई. कावून वाद घालती?"

मी हो म्हणाले नाही. निघताना मामा दारातच बोलले, "पोरगी हुशार हाय, पण लई उलट बोलती."

मामांचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो उतरेल. मुलगा माझ्यासारखाच इंजिनिअर, पुण्यात दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो. त्याला उत्तर माहीत नव्हतं? तो पोह्यांतले शेंगदाणे चमच्याने बशीच्या कडेला लावत बसला होता. मामा हसले तेव्हा तोही हसला, आणि पुन्हा शेंगदाणे.

आता बाबा म्हणतात, मामांना फोन करून माफी माग, नाहीतर जमलेलं मोडेल. माफी कशाची? त्या घरात जन्मभर मी एकटी बोलेन आणि हा शेंगदाणे लावत बसेल.

आईकडून त्याचा नंबर घेतला. हे पाठवते आहे:

"मस्टचं उत्तर तुम्हाला माहीत होतं का? होतं, तर गप्प का बसलात? बुधवारपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर माझा नकार समजा."