प्रफुल्ल, प्रत तिसरी

२७ ऑक्टोबर
आजच्या दाढीची खरी किंमत: बत्तीस मिनिटं, दोन टॉवेल, पाऊण बादली गरम पाणी आणि चाळीस वर्षांची अब्रू. मोडलं ते खुब्याचं हाड, हात नव्हे. तरी रुग्णसेवेच्या एजन्सीचा हा प्रफुल्ल माझं नाक चिमटीत धरून वर करतो आणि म्हणतो, हालू नका बाबूजी, मिशी जाईन. शिसारी आली.
सून हर्षा म्हणाली, एजन्सीनं फॉर्म दिलाय, सेवेचा दर्जा भरायचा. बरं झालं. हमालापासून कापसाच्या अडत्यापर्यंत आलो तो दर्जा ओळखूनच. लोक गाडीवरचा कापूस पाहतात, मी तळाशी हात घालतो. जिनिंगच्या यंत्राचा आवाज ऐकून कापसाची ओल सांगतो. हा प्रफुल्ल काय चीज!

२९ ऑक्टोबर
निरीक्षण. ओलावा: जास्त. हात कायम ओले, पाठीला लागले की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. कचरा: भरपूर. पायाला तेल लावताना आष्टीच्या मामाच्या गाभण म्हशीची गोष्ट. तीन दिवस झाले, म्हैस अजून व्यालेली नाही. धागा: आखूड. मी चिडलो की हा हसतो. प्रत तिसरी.
संकल्प: दहा तारखेला बाजार समितीच्या यार्डात कापूस खरेदीचा मुहूर्त. पहिल्या गाडीत हात घालून पहिला भाव मी बोलतो. एकवीस वर्षं झाली. यंदाही बोलणार आणि चालत जाणार. रस्ता पंधरा मिनिटांचा.

१ नोव्हेंबर
वॉकर धरून दारापर्यंत गेलो! प्रफुल्लनं मागून कंबर धरली होती, म्हणून हर्षा म्हणते हे मोजायचं नाही. काऊन नाई? गाडी बैल ओढतात, पण गावाला पोचतो तो मालकच ना.

४ नोव्हेंबर
एनिमा. लिहीत नाही.
संध्याकाळी: हलकं वाटतंय. प्रफुल्लचा संबंध नाही.

६ नोव्हेंबर
दुपारी डोळे मिटून पडलो होतो. कान मिटत नाहीत, हे या घरात कोणाला ठाऊक नाही. स्वयंपाकघरात प्रफुल्ल हर्षाला सांगून राह्यला: वहिनी, मी यार्डात पाहाले गेलतो. ऑटो आतपर्यंत जाते. गाडीजवळ खुर्ची ठेवू. बाबूजीले धरून उभं केलं तर दोन मिनिटं राह्यतात. धोतर मी आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवतो.
घ्या! मला ऑटोतून उतरवणार, गणपतीसारखं खुर्चीवर मांडणार. तेही लक्ष्मणरावासमोर, ज्या अडत्याला ओला कापूस अजून बोटाला कळत नाही! किळस येते असल्या सेवेची.
फॉर्म मागवला. दर्जा: नापास. शेरा: रुग्ण चालतो, सेवेची गरज नाही. सही झोकदार आली.

८ नोव्हेंबर
एजन्सीच्या वर्षाली मॅडम आल्या. विचारलं, पडले का? नाही. पाठीला जखमा? नाही. आंघोळ? रोज. मग नापास काऊन केलं, काकाजी? म्हटलं, मॅडम, माल पारखणाऱ्याला कारण विचारत नसतात.
प्रफुल्लला सिंदी मेघे गावातल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याकडे पाठवलं. जाताना पाया पडला. म्हणाला, म्हैस व्याली बाबूजी, वगार झाली.
बरं, म्हटलं.

९ नोव्हेंबर
घरात शांतता. हर्षानं विचारलं, उद्या शाळेतून सुट्टी घेऊ काय? गरज नाही. मुलगा निकेश म्हणाला, मी थांबतो. त्याला सांगितलं, तू सकाळीच यार्डात जाजो आणि सगळ्यांना सांगजो, बाबूजी पायी येऊन राह्यले.

१० नोव्हेंबर
सकाळी ८. दाढी स्वतः केली. रक्त थोडंच. अर्धी मिशी गेली, उरलेली काढून टाकली. तरुण दिसतो.
९.१५. धोतर. बसून निऱ्या होत नाहीत. उभं राहून वॉकर सोडता येत नाही. तात्पुरती अडचण.
१०.३०. निकेशचा फोन. नारळ हातात धरून सगळे थांबलेत, कुठवर आले? म्हटलं, निघालो.
११.४०. पुन्हा फोन. निकेश काही बोलायच्या आत मागचं ऐकू आलं. पहिला भाव लक्ष्मणराव बोलला. टाळ्या झाल्या.
पलंगापासून दार अकरा पावलं. मी तीन चाललो.