पाहुण्याने पास केलेली गाडी

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेली फळांची टोपली पोचली. तिच्यावर कंपनीच्या चिन्हाची रिबीन होती. ती मी कापून केरात टाकली आणि फळं हॉस्पिटलातल्या नर्सबाईंना देऊन टाकली. सोबतचा तुझा निरोपही वाचला. ताई, बाबांचं आता वय झालं, त्यांच्या हातात पुन्हा गाडीची किल्ली देऊ नकोस, असं लिहिलंयस. आधी हसू आलं. मग असा राग आला की समोर दूध उतू जात होतं आणि मी नुसती बघत उभी. फोन केला असता तर तू मीटिंगमध्ये असतास, म्हणून लिहितेय. पत्राला निदान मध्येच ठेवतो म्हणता येत नाही.

बाबांच्या बरगड्या हळूहळू जुळताहेत. खोकला आला की उशी छातीशी धरतात. सकाळी नेमाने दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खिडकीशी बसतात, पण टॉर्ककाकांच्या घराकडे पाठ करून. काका आठवतात ना तुला? गाड्यांच्या कारखान्यात, लाइनवर बाबांच्या शेजारी उभं राहून ज्यांनी जन्मभर बोल्ट आवळले ते. त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण दुसऱ्या कुणाला उघडायचं नाही, म्हणून काकू त्यांना स्वयंपाकघरात फिरकू देत नसत. अपघाताच्या दिवशी ते गाडीत बाबांच्या शेजारच्या सीटवर होते. त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाबा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले, तर काकूंनी डबा हातातही घेतला नाही. म्हणाल्या, म्हातारपणी मिरवायची हौस तुमची आणि पाय गेला आमचा. बाबा खरंय वहिनी म्हणाले आणि जिना उतरले. मी खाली उभी होते, सगळं ऐकत होते.

बाबांनी सगळ्यांना एकच सांगितलंय. पाय घसरला, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला. पोलिसांना तेच, डॉक्टरांना तेच, मलाही तेच. आणि तू तिकडे बसून लगेच विश्वास ठेवलास, कारण तुझ्या सोयीचं होतं.

आता तुला पाहुण्याची गोष्ट सांगते. तुला माहीत आहे म्हणशील. तुला आकडे माहीत आहेत रे, मी तिथे टेस्टिंगला उभी होते. ब्रेकला जोर देणारा तो इलेक्ट्रॉनिक डबा आधी तीन कारखान्यांतून यायचा. तू मुख्यालयात गेलास आणि तिघांचा एक केलास, सगळ्यांत स्वस्त होता तो. केवढं कौतुक झालं तुझं. कंपनीच्या मासिकात फोटो आला, बाबांनी फ्रेम करून टीव्हीच्या बाजूला लावला. मग त्या एका कारखान्याला आग लागली आणि डबे यायचे बंद झाले. सगळं एकाच खुंटीला टांगलं की खुंटी निघाल्यावर काय होतं, हे आपल्या आईला शाळेत न जाता कळत होतं. आम्हाला वाटलं, आता लाइन थांबेल. पण वरून हुकूम आला की लाइन थांबवायची नाही, रोजच्या गाड्या रोज पास झाल्याच पाहिजेत. वरून म्हणजे तुझ्याकडून.

मग काय, उरलेल्यांतला एक चांगला डबा आम्ही ठेवून घेतला. तो गाडीत बसवायचा, टेस्ट घ्यायची, काचेवर हिरवं स्टिकर लावायचं, डबा काढून पुढच्या गाडीत बसवायचा आणि आधीच्या गाडीला धक्का मारून यार्डात नेऊन उभं करायचं. कोऱ्या गाड्यांना धक्का मारताना पोरं त्या डब्याला पाहुणा म्हणायची. जावई तरी जेवून जातो, हा नुसता टेकतो आणि उठतो, म्हणायची. मीही हसले होते तेव्हा. आठवड्याने हसू आटलं, तेव्हा मी दोरी ओढली. बाबांच्या काळात कुणीही ती ओढली की अख्खी लाइन जागच्या जागी थांबायची. आता तिने फक्त मॅनेजरचा फोन वाजतो. तो आला आणि हसून म्हणाला, बाई, तुमच्या भावालाच विचारा की.

पुढे कुठल्याशा नव्या कारखान्यातून डबे आले. वरातीमागून घोडं. ते यार्डात, भर उन्हात, रोजंदारीवरच्या माणसांनी बसवले. पुन्हा टेस्ट कशाला, काचेवर हिरवं स्टिकर होतंच. तू सुट्टीला आलास तेव्हा जेवताना मी तुला हे सगळं सांगितलं. तू म्हणालास, ताई, तुला तुझं टेस्टिंगचं एक गेट दिसतं, मला सगळं जग सांभाळावं लागतं, आणि सगळीकडे असंच चालतं. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले. तो वरून बघतोय, त्याला जास्त कळतं, म्हणाले. ज्या माणसाने त्याच लाइनवर उभा जन्म ब्रेक बसवले, तो माणूस म्हणाला हे.

मग तू त्यांना गाडी दिलीस. केवढे हरखले होते. मी तुला फोनवर विचारलं होतं, यार्डातली नाही ना? तू म्हणालास, छे, बाबांना देईन का मी तसली. मी विश्वास ठेवला. वाटलं, माणूस कंपनीशी खोटं बोलेल, बापाच्या बाबतीत बोलणार नाही. परवा गॅरेजमध्ये जाऊन त्या चेपलेल्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. आत नव्या कारखान्याचा डबा आहे. तो यार्डातल्या गाड्यांखेरीज कशातच बसलेला नाही. तू न बघता बोललास की बघून खोटं बोललास, मला माहीत नाही. त्यातलं कमी वाईट कोणतं, तेही मला ठरवता येत नाही.

खरं काय झालं ते टॉर्ककाकांनी हॉस्पिटलात सांगितलं, बाबा खाली चहाला गेले होते तेव्हा. उतारावर पेडल दगड झालं. बाबा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे होते. समोर बसथांब्यावर माणसं होती, म्हणून त्यांनी गाडी भिंतीवर घातली. ॲम्ब्युलन्समध्ये काका अर्धवट शुद्धीत होते, तरी बाबा त्यांचा हात धरून एकच सांगत होते, पोराचं नाव येईल, तू काही बोलू नकोस. काका बोलले नाहीत. पाय गेला तरी बायकोलाही सांगितलं नाही. असे दोन म्हातारे तुझी नोकरी सांभाळताहेत, आणि तू फळं पाठवतोस.

शुक्रवारी अपघाताचे चौकशीवाले घरी येणार आहेत. बाबांनी पाय घसरला म्हणून सही केली की प्रकरण मिटलं, आणि यार्डातून गेलेल्या बाकीच्या गाड्या रस्त्यावर तशाच धावत राहणार. काल दुपारी स्वयंपाकघरात गेले तर बाबा खुर्चीत बसले होते आणि समोर फरशीवर चपला मांडल्या होत्या, एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर. पाय कसा घसरला ते दाखवा म्हणाले तर अडायला नको, म्हणून घसरायची तयारी चालली होती. त्यांना जमत नव्हतं. दर वेळी पाय बरोबर ब्रेकवरच जायचा, आणि ते स्वतःवर चिडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी शुक्रवारी सगळं सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पण मी बोलले की बाबा म्हणतील, पोरगी खोटं बोलतेय, भावावर जळते. तुझ्या तोंडून आलं तरच ते कबूल करतील की पाय ब्रेकवर होता. म्हणून त्याआधी ये, आणि त्या चपला तुझ्या हाताने उचल.

अजून तरी तुझीच,
ताई