शून्यांची पोस्टकार्डं

अण्णा, आज दुपारी टीव्हीवर तुमच्या हवामान ऑफिसचा, पावसाच्या अंदाजाचा नकाशा दाखवला. कोकणात सरासरी, पुण्याकडे सरासरी, विदर्भात थोडा कमी, मराठवाड्यात सरासरीपेक्षा बराच कमी. निवेदिका हसून म्हणाली, "पुणेकरांनी काळजी करू नये." मी तूरडाळ निवडत होते, ताट बाजूला सारलं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. रोज देवापुढे तुमच्यासाठी हात जोडते. आज जोडले नाहीत.

दुष्काळ पडला त्या साली ताई बाळंतपणाला आली होती. मुलगी तीन महिन्यांची झाली आणि तुम्ही तिला मराठवाड्यात सासरी पोचवायला निघालात. आई वाढता वाढता म्हणाली, "अहो, दसऱ्यापर्यंत राहू दे की. तिकडे विहिरी आत्ताच आटल्यात म्हणे." तुम्ही पानावरून मान वर न करता म्हणालात, "अजून दुसरा अंदाज यायचाय. आणि ऑफिसातलं घरी बोलायचं नसतं." पहिला अंदाज तुमच्याच हाताने लिहिलेला होता, अण्णा. मराठवाड्याच्या ओळीत काय आहे, हे त्या घरात फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

आणि निघताना तिला दिलंत काय? बाळाला झबलं नाही, टोपडं नाही. ऑफिसने मोडीत काढलेला पत्र्याचा पर्जन्यमापक, पाऊस मोजायचं काचेचं माप आणि आपला पत्ता घातलेली पोस्टकार्डं! "रोज सकाळी साडेआठला बघायचं. पडला नाही तरी लिहायचं." तुमचीच मुलगी ती, लिहीत राहिली. आठवड्याला एक कार्ड, कार्डावर सात शून्यं. एकदा खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, "पाणी दोन मैलांवर. बाळाला पाठीशी बांधून नेते." तुम्ही चष्मा पुसलात, म्हणालात, "नोंद मात्र झकास ठेवते पोरगी," आणि कार्ड फाइलला लावलंत. आई पदराने डोळे टिपत समोरच बसली होती. तुमच्या तक्त्यात त्याला रकाना नसेल.

ताई हंड्यासकट विहिरीच्या पायरीवरून पडली, ते कार्डावर आलं नाही, सासूने कळवलं. मग धावलात तिला आणायला. तोवर तुमचा दुसरा अंदाजही येऊन गेला होता. आजही ती काठीशिवाय उठत नाही. आणि तुमच्या तेराव्याला तिनेच सगळ्यांना सांगितलं, अण्णा फार शिस्तीचे होते. मी गप्प बसले, त्याचाही राग आहे.

नकाशा पाहून तासाभरात तिचा फोन आला. आता ती तिथे एकटीच असते. "काय गं, अण्णांचं ऑफिस काय म्हणतंय आमच्याबद्दल? इथे टँकर आत्ताच सुरू झालाय. तुझ्याकडे येतं ना रोज पाणी?"

"येतं की. सकाळी दोन तास."

ती फोन धरून थांबली होती, कशासाठी ते मला कळत होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या दोन खोल्या आल्या, मोरीतलं एकुलतं पिंप आलं, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मी तुळशीला घालते ते आलं. आणि तोंडून निघालं, "अजून दुसरा अंदाज यायचाय, ताई."

ती हसली. "अगदी अण्णा गं," म्हणाली आणि फोन ठेवला.

हे पत्र पोथीत ठेवून देईन, तुम्हाला पाठवणार कुठे? दिवेलागण झाली. फोन शेजारीच आहे. "ये" म्हणायला मी तो अजून उचललेला नाही.