तांबड्या कोंबड्याचा भाव

मंगळवार, दिवेलागण

जावई दुपारी जेवायला येणार म्हणून आज कोंबडा विकत आणावा लागला. शेड भरून ब्रॉयलर हायेत, पण पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. आपली नुसती मेहनत. अन् रोग येतो म्हणून गावरान कोंबडी शेडजवळ पाळू देत न्हाईत. मग शेजारच्या शांताबाईकडं गेले.

तिनं तांबडा कोंबडा धरला, छातीवरची पिसं फुंकून मांस दाखवलं. मी सवयीनं विचारलं, "किती किलो भरंल?"

ती हसली. "गावरान काय तोलून देतेत व्हय? हातात धरून बघ. मी म्हणीन तो भाव."

एवढा भरवसा तिच्यात आला कुठून? ना काटा, ना खाद्याचं पोतं. कोंबड्या उकिरड्यावर चरतात. अन् भाव तिचा! आमचा दर कंपनी ठरवते, आमी फक्त ऐकून घेतो.

मी म्हणीन तो भाव. जावयानं रस्सा पुन्हा मागून घेतला, तरी माझं ध्यान तिकडंच.

मघाशी खाद्य टाकताना शेडमध्ये एकदा तिचंच वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. कोंबड्यांनी माना वर केल्या. मग पुन्हा खाद्यात घातल्या.