तळमजला अंबिकेचा

मी, मधुसूदन त्र्यंबक लासूरकर, वय ५९, निवृत्त संगणक प्रोग्रामर, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, माझ्या पश्चात वाद नकोत म्हणून हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. असलाच तर माझ्याच मनाचा आहे.

कलम १. तळमजल्याचे राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते पूर्ण मालकी हक्काने पत्नी सौ. अंबिका हिला. चि. शंतनूने ते विकून आईला पुण्यात नवव्या मजल्यावर नेण्याचा हट्ट धरू नये. तिथे लिफ्ट आहे हे मला ठाऊक आहे. लाइट जाते हेही ठाऊक आहे.

कलम २. बँकेतील ठेवी अंबिकेच्या. तिच्या पश्चात उरतील त्या शंतनूच्या.

कलम ३. माझा कीबोर्ड आणि पुस्तके माजी सहकारी केयूर याला. "सर, तुमचा कोड लई देखणा, पण जागचा हलत नाय," असे तो चारचौघांत म्हणाला होता. खरेच होते, म्हणून जास्त झोंबले.

माझा कोड टेम्प्लेटांनी भरलेला. टेम्प्लेट म्हणजे साचा. त्यातून कंपाइलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, लागेल तसा कोड ओतून काढतो. आमची प्रत्येक फाइल तेच ओतकाम स्वतःपुरते पुन्हा करायची, त्यामुळे सगळे कंपाइल व्हायला पाऊण तास लागायचा. २०१६ च्या दुष्काळात त्या पाऊण तासावर आमचे घर चालले. वस्ती वाढलेली, नळ कोरडे, टँकर यायचा भर दुपारी. अंबिकेचा फोन आला की मी कंपाइल सुरू करून स्कूटरवर घरी यायचो, तेव्हाच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पाणी चढवायचो आणि परत जायचो. मशीन काम करतेय म्हटल्यावर साहेब काय बोलणार?

मग मी सगळे ओतकाम एकाच फाइलीत आणले आणि बाकीच्या फाइलींना तयार माल वापरायला लावले. काम चार मिनिटांवर आले. कंपनीने शाल-श्रीफळ दिले. त्याच आठवड्यात अंबिकेचा फोन आला, "टँकर आलाय. निघालात का?"

"आता निघता येत नाही गं, लगेच होतं सगळं," मी ऐटीत म्हणालो.

तिने एकटीने पाणी चढवले आणि ओल्या जिन्यावरून ती पडली. खुब्याचे हाड नीट जुळलेच नाही. आजही काठी लागते, म्हणूनच पुढे हे तळमजल्याचे घर घेतले. लगेच होत होते तर लगेच निघताही आले असते, हे मला दवाखान्यात सुचले. तेव्हापासून मला माझीच लाज वाटते.

कलम ४. ती शाल कोणाला देऊ नये. माझ्या अंगावरही घालू नये.

कलम ५. (खोडले) पत्नीने मोठ्या मनाने मला क्षमा केली असल्याने

खुलासा: मसुदा अंबिकेने वाचला. म्हणाली, "घर दिलंत, बरं केलंत. पण हे खोडा. माफ केलं असं मी कधी म्हटलं? माफी काय तुमची मिळकत आहे, मृत्युपत्रात घालायला? आधी ऑपरेशन करून घरी या. मग बघू."

सबब कलम ५ रद्द. खाडाखोड माझ्याच हातची आहे.

सही: म. त्र्यं. लासूरकर

आमच्या समक्ष सही केली:
१. मोतीराम सर्जेराव दांडगे, शेजारी
२. डॉ. मनस्विनी पैठणकर

छत्रपती संभाजीनगर, १४ मे २०२४