काशीत काय सोडले

श्रीक्षेत्र काशी
माघ वद्य द्वितीया, शके १८३४

तीर्थस्वरूप विठ्ठलराव दादांचे सेवेशी,

धाकटा बद्रीनाथ याचा साष्टांग नमस्कार. प्रयागहून धाडलेले पत्र पोचले असेल. तुमचे उत्तर नाही, आणि ते येईल असे मी धरलेही नव्हते. वाटणी होऊन तुम्ही तेलगावच्या शेतावर राहायला गेलात, तेव्हापासून तुम्ही सिरसाळ्याच्या घराची पायरी चढला नाहीत आणि तात्यांशी एक शब्द बोलला नाहीत. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. वडिलांच्या यात्रेची हकीकत थोरल्या मुलाला असावी, एवढ्यासाठी लिहितो. वाचून ठेवून द्यावे. वहिनींना नमस्कार सांगावा.

इथे सर्व क्षेम आहे. थंडी आपल्याकडच्यापेक्षा जास्त, आणि माकडे माणसांपेक्षा जास्त. माघी पौर्णिमेचे स्नान झाले. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव झाले. आपल्या गावचे आप्पाराव आमच्या टोळीचे म्होरके आहेत, ते गल्लीबोळांतून आम्हांला गुरे हाकल्यासारखे हाकतात आणि रोज एकदा स्वतःच वाट चुकतात.

आता खरेदी. ती इतकी झाली आहे की आलो कशासाठी ते विसरायला होते. निघताना गावातल्या बायकांनी निम्मी काशी मागवली होती. काळभैरवाच्या काळ्या गंड्यांची जुडी घेतली, गावातल्या सगळ्या मनगटांना पुरेल. गंगेचे तांब्याचे गडू घेतले आणि समोर उभे राहून कथलाच्या डाकाने तोंडे बंद करून घेतली. आईसाठी बोटाएवढी पितळेची अन्नपूर्णा. रुद्राक्षाच्या माळा घेतल्या, त्या नेपाळच्या आहेत असे दुकानदाराने गंगेची शपथ घेऊन सांगितले. माळा कुठल्या का असेनात, शपथ चांगली होती. आमच्याकडे बाळ यायचे आहे त्याच्यासाठी लाखेच्या रंगाचा लाकडी हत्ती घेतला. त्या बाळंतपणापायीच आई आली नाही, हे तुमच्या कानावर असेलच. "सुनंला या दिसांत टाकून मी कशी येऊ? तुमी बापलेक जा, मला गंगा घेऊन या," असे म्हणाली होती.

इथे घेण्याचा जसा रिवाज आहे तसा सोडण्याचाही आहे. आपल्या आवडीची एक वस्तू काशीत कायमची सोडायची. इथला तीर्थोपाध्याय, म्हणजे पंड्या, घाटावर ओळीने बसवतो, ओंजळीत पाणी देतो आणि विचारतो, काय सोडले? नाव घ्यायचे आणि पाणी गंगेत सोडायचे. मग ते पुन्हा या जन्मी घेता येत नाही. आप्पारावांनी कारले सोडले. कारल्याचा आणि त्यांचा कधी संबंध नव्हता, त्यामुळे सगळी ओळ हसली. शेजारच्या मंजुळाबाईंनी खरेखुरे सीताफळ सोडले आणि मग पायरीवर बसून रडू लागल्या. "आता दसरा झाल्यावर डोंगराकडं बघायचं न्हाई का मी?" असे म्हणत होत्या. मी वांगे सोडले. तात्यांनीही सोडले. ते भेटीत सांगेन.

तात्यांची प्रकृती उत्तम आहे. त्यांनी आपला अडकित्ता, चांदीचा करगोटा आणि लाल जोडा माझ्या ट्रंकेत ठेवायला दिला आहे. हत्तीच्या बाजूला जागा होती, तिथे जोडा बसवला. ट्रंक बंद होईना म्हणून आप्पारावांना वर बसवावे लागले.

उद्याची गाडी आहे. बाकीची मंडळी मनमाडला उतरून त्र्यंबकेश्वर करणार आहेत, त्यांना गावी पोचायला फाल्गुन उजाडेल. मी सरळ परभणीची गाडी धरीन. मला तिकडे जावेसे वाटत नाही. इथे राहावे असेही वाटत नाही. इथली पेढ्यांची दुकाने चांगली आहेत.

कळावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक
बद्रीनाथ राधाकिशन


मुक्काम परभणी, स्टेशनाजवळची धर्मशाळा
माघ वद्य नवमी, शके १८३४

तीर्थस्वरूप दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या तेलगावचे धुळाजी इथे मेंढरे विकायला आले होते, ते तट्टावरून परत निघाले आहेत. त्यांच्या हाती देतो. एकादशीपर्यंत तुमच्याकडे पोचते करतो म्हणाले. मिळताच वाचा, ठेवून देऊ नका.

तात्या माझ्याबरोबर नाहीत. ते काशीत राहिले. जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आणि परत येणार नाहीत.

मागच्या पत्रात लिहिले नाही, कारण लिहिले की ते खरे होईल असे वाटले. पंड्याने त्यांना विचारले, काय सोडले? ते म्हणाले, "घर." पंड्याला वाटले म्हाताऱ्याला कळले नाही. त्याने आपल्या बोलीत फळांची नावे घेऊन दाखवली, आंबा, पेरू, केळे. तात्या पुन्हा म्हणाले, "घर सोडलं," आणि ओंजळ उघडली. आप्पाराव हसले. मीही हसलो, दादा. मला वाटले, कारल्याच्या वर ताण केली.

दुपारी ते मला एका मठात घेऊन गेले. काशीत मरण यावे म्हणून येऊन राहिलेली माणसे तिथे असतात. एक खोली, एक चटई, एक वेळचे अन्न. त्यांनी ते सगळे आदल्या दिवशीच ठरवून ठेवले होते. मी विचारले, कावून? ते म्हणाले, "लई झालं बद्री. परतून आलो की पुन्हा तुमच्या दोन चुलींच्या मधी बसायचं. तुझ्याकडं बसलो की थोरला तोंड फिरवतो. त्याच्याकडं गेलतो तर त्यानं दार लावलं. इथं एकच चूल हाय, अन ती माझी न्हाई. मला बरं वाटतं."

मी म्हणालो, मायला काय सांगू?

"बरा हाय म्हणून सांग."

"एवढंच?"

"मग, खोटं हाय का?"

मी भांडायला हवे होते. पाय धरायला हवे होते. तुम्ही असता तर त्यांना खांद्यावर टाकून आणले असते, तुम्हांला तेवढा राग तरी येतो. मी विचारले, थंडीला घोंगडी पुरेल का? त्यांनी पुरेल म्हटले. मग आम्ही तुमच्यासाठी काही घ्यावे म्हणून बाजारात गेलो.

ते तुम्हांला सांगायलाच हवे. सगळ्या यात्रेत तात्यांनी प्रत्येकासाठी वस्तू स्वतः निवडली. तुमच्यासाठी ते शेवटच्या दिवशी दुकानामागून दुकान हिंडले. चाकू पाहिले, दौती पाहिल्या, काठ्या वाकवून पाहिल्या, उपरणी उलगडून पाहिली. मग मला म्हणाले, "त्याला काय आवडतं रे?" मला सांगता आले नाही. ते म्हणाले, "बाप असून मलाबी ठाव न्हाई." आणि रिकाम्या हाताने परतले. तेव्हा त्यांच्याकडून तुमच्यासाठी काहीही नाही. खोटे बोलून एखादी माळ तुमच्या हातावर ठेवता आली असती, पण ते मला नको वाटले.

ते मला स्टेशनावर पोचवायला आले होते. क्षेत्राची हद्द ओलांडायची नाही म्हणून फलाटावरच थांबले. गडू आडवे होऊ देऊ नको एवढे म्हणाले. गाडी पुलावर आली तेव्हा सगळा डबा 'गंगामाई की जय' म्हणून ओरडला. मीही ओरडलो, चांगला मोठ्याने ओरडलो.

तेव्हापासून मी खरेदीच करत आलो आहे. जबलपूरला संगमरवराची डबी घेतली. इटारसीला एक पंखा घेतला. भुसावळला केळ्यांचा घड घेतला, तो इथे येईस्तोवर काळा पडला. कोणासाठी घेतले ते विचारू नका. गाडी थांबली की मी उतरतो आणि काहीतरी घेऊन चढतो. हाताला ओझे असले की बरे पडते. माझ्या मागे बसलेले लोक मला व्यापारी समजत होते.

इथे उतरून धर्मशाळेत पडून आहे. सिरसाळ्याला जाणाऱ्या बैलगाड्या रोज निघतात आणि मी त्यांत बसत नाही. काल कापूस उतरवायला आपला गडी सिदू गाडी घेऊन आला होता. मला पाहून त्याला कोण आनंद झाला. "मालक, पोरगी झाली तुमाला! बाळ-बाळंतीण दोगी बी खुशाल हायती," म्हणाला. म्हणजे मला मुलगी झाली आहे. हे मी तुम्हांला आत्ताच कळवतो आहे, उशिराबद्दल माफी असावी. मग म्हणाला, "माय रोज वेशीत येऊन उभ्या ऱ्हातात. तात्यांसाठी नवं मुंडासं आणलंय, सोताला लुगडं. गंगापूजनाला दोघं गाठ बांधून बसणार म्हणून अख्ख्या भावकीला सांगून ठिवलंय." आणि विचारले, "तात्या कुठं हायती?"

दादा, मी म्हणालो, "आत निजलेत."

का म्हणालो ते मला माहीत नाही. तो इतका हसत होता की तोंडातून दुसरे काही निघाले नाही. "निजू द्या, दमले असतील," असे म्हणून तो आज सकाळी निघून गेला. मी त्याच्या मागे पळालो नाही. धर्मशाळेच्या दारात उभा राहून गाडी वळताना पाहिली. एकादशीला तो सिरसाळ्यात पोचेल आणि आईला सांगेल की दोघे परभणीला येऊन ठेपले आहेत.

आता मला जावेच लागेल. त्रयोदशीला सकाळी मी वेशीबाहेरच्या मारुतीत उतरेन. यात्रेहून आलेल्याने वाजतगाजत नेल्याखेरीज गावात शिरायचे नाही, हा आपला रिवाज तुम्हांला ठाऊक आहे. हलगीवाले येतील, भावकी येईल. आई नवे लुगडे नेसून पुढे असेल. तिला मी काय सांगणार? बरे आहेत, म्हणणार. तिचे कुंकू तसेच राहील आणि नवरा असणार नाही. आणि यापुढे काशीहून एखादे कार्ड आले की ते वाचून दाखवेपर्यंत तिने श्वास धरून बसायचे. हे तिच्यासाठी मी काशीहून आणले आहे.

मला रडू येत नाही. तात्यांचा राग येत नाही, तुमचाही येत नाही. येत असता तर बरे झाले असते. फक्त भीती वाटते, आणि ती एकाच गोष्टीची.

तुम्ही या. घरी येऊ नका, पायरी चढू नका, जमिनीचे काही बोलायचे नसेल तर बोलू नका. एकादशीला पत्र मिळाले की द्वादशीला निघा, त्रयोदशीला सकाळी मारुतीच्या ओट्यापाशी याल. मी पुढे झालो की आई माझ्या तोंडावरून हात फिरवेल, ओवाळेल. मग माझ्या मागे बघेल. दादा, तिथे कोणीतरी उभे असले पाहिजे.

धाकटा
बद्री